रिकाम्या कडेनं इस्तंबूल

आमच्या नाचणगावात कोणी गावाला निघालं की ओसरीवरून एकच प्रश्न येतो, कोणाकडे? देवळीला निघालात तर मामाकडे, सेवाग्रामला दवाखान्यात निघालात तर आत्याच्या जावेकडे. जिथे आपलं कोणीच नाही अशा गावाला माणूस जातच नाही. बाई तर नाहीच नाही. त्यामुळे मागच्या सुट्टीत मी घरात सांगितलं, की दुबईला परत गेल्यावर चार दिवस इस्तंबूल पाहायला जाणार आहे, तेव्हा माझ्या धाकट्या भावाचा वरणात बुडवलेला घास तसाच हातात राहिला.

"तठी कोण हाये आपलं?"

"कोणी नाई."

"मंग काऊन चालली?"

"पाहाले."

"काय पाहाले?"

आता हे सांगणं अवघड होतं. दुबईत मी एका म्हाताऱ्या सिंधी बाईंची देखभाल करते. त्यांना मी माँजी म्हणते. त्यांच्या टीव्हीवर एकदा इस्तंबूलमधलं एक पाण्याचं टाकं दाखवलं होतं. टाकं म्हणजे आपल्या गच्चीवरचं नव्हे. जमिनीच्या पोटात राजवाड्याएवढं दालन, खाली पाणी आणि पाण्यातून वर गेलेले दगडी खांब, मोजायला जावं तर नजर हरवेल इतके. त्यातल्या एका खांबाखाली दगडात कोरलेलं बाईचं तोंड आहे, आणि ते उलटं आहे. कपाळ खाली, हनुवटी वर, आणि हनुवटीवर तो सगळा खांब. माँजी झोपून गेल्या होत्या. मी त्यांच्या सूपचा वाडगा धरून बसून राहिले. एवढा खांब तोंडावर घेऊन ती बाई इतकी वर्षं डोळे उघडे ठेवून आहे, हिला आपण पाहायचं, असं माझ्या मनानं घेतलं. का घेतलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, आताही नीट येत नाही.

मी जमेल तसं सांगितलं. भाऊ खो खो हसला.

"पाण्याचं टाकं पाहाले विमानानं चालली! आपल्या इहिरीत वाकून पाह्य ना, फुकटात."

माझी भावजय ताटात भाजी वाढत होती. ती म्हणाली, "इहिरीत पाह्यलं तं आपलंच तोंड दिसते, आन तेबी उलटंच. बाई, मले बी न्या. मी बॅगेत बसतो."

भाऊ मात्र पुन्हा मुद्द्यावर आला. एकटी बाई, अनोळखी मुलूख, काही झालं तर कोणाला फोन करायचा, लोक काय म्हणतील. तो बोलत होता त्यातलं एकही वाक्य मी स्वतःशी आधी बोलले नव्हते असं नाही. मी जन्माची घाबरट. बाहेर पडले की घडीघडी पासपोर्ट चाचपते. तरी त्या दिवशी काय झालं कोण जाणे. हा भाऊ दूधपिता होता तेव्हा आई-बाबा कापूस वेचायला जायचे आणि त्याला सांभाळायला म्हणून माझी आठवीतून शाळा सुटली. त्याचा मला राग नाही, त्याला कोणी विचारून थोडंच जन्माला घातलं होतं. पण तोंडातून निघून गेलं.

"तुले कडेवर घेऊन फिरली तवा कोणी पुसलं नाई, काऊन घेतलं म्हणून. आता नुसतं पाहाले जातो म्हटलं तं सारे पुसून राह्यले."

भावानं हातातला घास तोंडात घातला, पाणी प्यायला.

"जाय मंग," तो म्हणाला. "पोचली की फोन करजो."

तिकीट, हॉटेल, ग्रुप, सगळं माँजींच्या मुलीनं फोनवरच ठरवून दिलं. "तुमने तो कभी छुट्टी में छुट्टी ली ही नहीं," असं म्हणून तिनं स्वतःचा जाड स्वेटरही दिला. लोक मला भेटतात ते चांगलेच भेटतात, हे मी कोणालाही शपथेवर सांगेन. पुढे जे घडलं तेही चांगल्या माणसांबरोबरच घडलं. म्हणून तर ते जड गेलं.

इस्तंबूलच्या विमानतळावर काचेमागच्या साहेबानं मला काहीतरी विचारलं. इंग्रजी मी अक्षराला अक्षर लावून वाचते, पण बोललेलं पळून जातं. मला फक्त शेवटी वर चढलेला आवाज कळला. मी म्हणाले, "टुरिस्ट." त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणाले, "टुरिस्ट." त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, भांड्यांनी आणि फिनेलनं सोललेल्या बोटांकडे पाहिलं, आणि पासपोर्ट बाजूला ठेवला. इथूनच परत पाठवणार, भाऊ ओसरीवर बसून ही गोष्ट गावाला सांगणार, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक तरुण माणूस पुढे झाला. आमच्याच ग्रुपमधला. त्याच्याजवळ बायको आणि बायकोच्या खांद्यावर आठ-नऊ महिन्यांची मुलगी. तो साहेबाशी इंग्रजीत भराभर बोलला. त्यातले शेवटचे शब्द मला कळले, "शी इज विथ अस." ती आमच्याबरोबर आहे. शिक्का बसला.

पलीकडे आल्यावर ती दोघं मराठीत बोलायला लागली आणि मला रडूच फुटलं. मूळची पुण्याची, दुबईत नोकरीला. मी त्या बाईचे दोन्ही हात धरले.

"ताई, देवासारखे भेटले तुमी."

"अहो, त्यात काय! आता आपण बरोबरच आहोत की," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

त्या दिवशी दुपारी ग्रुपचं पहिलं जेवण होतं. मसुरीच्या डाळीचं गरम सूप, तव्यावरून उतरलेली फुगीर रोटी, भात. तिची मुलगी किरकिर करत होती. ती बिचारी एका हातानं पोर सावरत होती आणि दुसऱ्या हातानं चमचा. मी काही विचार केला नाही. हात पुढे केले.

"आणा इकडे, तुम्ही जेवा."

आमच्याकडे लग्नाच्या मांडवात पंगत बसली की लेकुरवाळीच्या मांडीवरचं पोर कोणीही उचलतं. त्याला ओळख लागत नाही. पोर या मांडीवरून त्या मांडीवर फिरतं, कोणी त्याला बुंदी चाटवतं, कोणी त्याचं नाक पुसतं, आणि त्याची आई दोन्ही हातांनी पोटभर जेवते. मग हात धुऊन येते आणि म्हणते, "आण इकडे, आता तू जेव." हे शेवटचं कोणी शिकवत नाही. पोर उचलून घेणाऱ्या बाईला ते मागावंही लागत नाही.

ती जेवली. हात पुसले. "थँक्यू हां ताई, किती महिन्यांनी गरम गरम जेवले मी," म्हणाली, आणि नवऱ्याबरोबर रस्त्यापलीकडच्या मशिदीचे फोटो काढायला गेली. माझ्या सूपवर साय धरली. मला वाटलं, आता येईल, आता म्हणेल. बसवाल्यानं हॉर्न दिला. मी रोटी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि पोर घेऊन बसमध्ये चढले.

दुसऱ्या दिवशी बोट होती. समुद्राची चिंचोळी पट्टी आणि तिच्या दोन्ही काठांवर एकच शहर. बोटीत बसल्या बसल्या तिनं मुलीला माझ्याकडे दिलं, जसं आपण ओळखीच्या खुंटीला पिशवी अडकवतो. तेवढ्या सहज. त्याचा मला रागही आला नाही, कारण खुंटी मीच पुढे केली होती. दुपारपर्यंत तिच्या तोंडी माझं 'ताई'चं 'मावशी' झालं. आमच्याकडे मावशी म्हणजे आईची बहीण, तिच्या हातची शेवभाजी खायला पोरं उड्या मारत जातात. पण दुबईत आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये हा शब्द मी रोज ऐकते आणि तिथे त्यानं कोणाला हाक मारतात ते मला माहीत आहे.

"मावशी, जरा बाजूला होता? फ्रेममध्ये येताय."

"मावशी, पिल्लूची टोपी."

"मावशी, आमचा तिघांचा एक काढता का? नाही, आधी तिला इकडे द्या. हां. आता परत घ्या."

बोटीवरून लोक पांढऱ्या पक्ष्यांना रोटीचे तुकडे फेकत होते. पक्षी हवेतच झेलत होते. मला फार वाटलं एक तुकडा फेकावा. पर्समध्ये कालची रोटी होती. पण एका हातात पोर, दुसऱ्यात त्यांचा फोन. त्या दिवशीचा समुद्र मी बराचसा त्या फोनच्या काचेतून पाहिला, आणि त्यातही मधोमध ती दोघंच.

ग्रुपमधली एक लखनौची बाई शेजारी येऊन बसली. मुलीच्या गालाला हात लावून मला म्हणाली, "आप इनके यहाँ कब से हैं?"

मी म्हणाले, "कल से."

तिला तो विनोद वाटला. ती खूप हसली. मीही हसले.

संध्याकाळी हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये मी घरी फोन लावला. ती दोघं बाजारात गेली होती, मुलगी माझ्या मांडीवर. फोनमध्ये आधी भावजय दिसली, तिच्या मागे भावाचा अर्धा चेहरा.

"बाई, हे कोणाचं पोट्टं होय?"

"ग्रुपमधल्यायचं."

"कालबी तुमच्याचपाशी होतं फोटोत." भावजयीची नजर तीक्ष्ण. "तुमी फिराले गेल्या का ड्युटीवर?"

मागून भाऊ हसला. "म्या म्हटलं होतं ना! तठीबी पोरगंच सांभाळून राह्यली."

"टाकं पाह्यलं का?" भावजयीनं विचारलं.

"उद्या हाये."

"पाह्यजा बरं. त्या उलट्या बाईले माह्या नमस्कार सांगजा."

फोन ठेवला आणि मी त्या मुलीकडे पाहत बसले. गोड होती. झोपेत ओठ हलवत होती. तिच्या आई-बापांनी मला त्या काचेसमोरून सोडवून आणलं होतं. त्यांनी तोंड उघडलं नसतं तर मी या हॉलमध्ये बसलेच नसते. मग दोन दिवस त्यांचं पोर धरलं तर काय झिजलं माझं? मला असं वाटतं म्हणजे मी उपकार विसरणारी आहे का? आणि नाही म्हटलं आणि ती दोघं माझ्याशी बोलेनाशी झाली, तर परतीच्या विमानतळावर मी कोणाकडे पाहायचं? हे सगळं खरं होतं. पण उद्याचा दिवस एकच होता, हेही तेवढंच खरं. परवा मोकळा दिवस, तेरवा विमान. टाकं उद्याच.

सकाळी टाक्यासमोर लांब रांग होती. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, एक बैठं दार आणि आत अंधार. ग्रुपच्या पोरसवदा मॅनेजरनं प्रत्येकाच्या हातात तिकीट दिलं. माझं तिकीट मी मुठीत धरलं. मुलगी माझ्याच कडेवर होती. रांग पुढे सरकली, दार जवळ आलं, आणि मुलीची आई मागे वळली.

"मावशी, आत म्हणे ओल आहे आणि पायऱ्या पण खूप आहेत. पिल्लूला सर्दी झालीय. तुम्ही तिला घेऊन त्या बाकावर बसता? आम्ही पटकन पाहून येतो."

"मंग मी?"

"तुमचं काय?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं.

"माझं तिकीट आहे ना, ताई. मला पाहायचं आहे."

"अहो, आत काय, नुसतं पाणी आहे. आम्ही व्हिडिओ काढून आणतो ना तुमच्यासाठी. सगळा आणतो."

मागची माणसं खोळंबली होती. तोंडात 'बरं' तयारच होतं, जन्मभराच्या सवयीचं. ते गिळायला वेळ लागला.

"नाही," मी म्हणाले. "मी बाकावर बसायला नाही आले."

नवरा पुढे झाला. अवघडला होता. "ताई, म्हणजे... परवा एअरपोर्टवर आम्ही..." आणि त्यानं वाक्य तिथेच सोडलं. पूर्ण केलं नाही, एवढा तो भला होता. पण अर्धं वाक्यही पुरलं मला. त्या अर्ध्या वाक्यानं माझे पाय उलट घट्ट झाले.

"दादा, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुमच्या घरी कोणी आजारी पडलं, अडलं-नडलं, मला हाक मारा, मी दुबईत जिथे असेन तिथून येईन. तुमची रात्र जागवेन. पण आज नाही. हे पाहायला मी घरच्यांशी भांडून आले. धरा तुमचं लेकरू."

मुलगी मी त्याच्या हातात दिली. माझ्या ओढणीचं टोक तिच्या मुठीत राहिलं होतं. ते एकेक बोट सोडवून काढावं लागलं. तेवढ्यात तिची आई म्हणाली, "किती चिडताय तुम्ही मावशी, साधं विचारलं आम्ही."

"साधंच विचारलं तुम्ही," मी म्हणाले, "म्हणून साधं नाही म्हणते."

आणि तिकीट पुढे करून आत शिरले. मागे वळून पाहिलं नाही. धीटपणानं नव्हे. वळले असते तर परत गेले असते, म्हणून.

पायऱ्या ओल्या होत्या. मी कठडा धरून उतरले. खाली गेल्यावर आधी गारवा लागला, मग थेंबांचा आवाज. वरून कुठूनतरी पाणी गळत होतं, टप, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टप. डोळे अंधाराला सरावले तसे खांब दिसायला लागले. एकामागे एक, रांगांमागे रांगा, प्रत्येकाचा पाय पाण्यात आणि पाण्यात पुन्हा तोच खांब उलटा. लाल-पिवळा उजेड खालून येत होता. माणसं हळू बोलत होती. मी मात्र हातांचं काय करावं या विचारात. दोन दिवसांत कडेला वजनाची सवय झाली होती, कमरेत वाकूनच चालत होते. मधल्या एका खांबाशी उभी राहून मी पाठ सरळ केली.

ती उलटी बाई अगदी शेवटच्या कोपऱ्यात आहे. वाट खाली उतरते आणि गर्दी दाटते. मी थांबले. लोक फोटो काढून पुढे गेले तशी पुढे सरकले. गुडघे वाकवले, मान तिरकी केली.

मोठं तोंड. गालावर शेवाळाची हिरवट ओल, केसांच्या जागी दगडी वेटोळी. टीव्हीवर मला ती दुःखी वाटली होती. समोर तशी नव्हती. तिच्यावर एवढा भार, पण तोंडावर विनवणी नाही, कुरकुर नाही, आणि समाधान तर मुळीच नाही. बघते आहे, बस. खांब ठेवणाऱ्यांनी तिला उलटं ठेवलं, तिनं डोळे मिटले नाहीत. मी तिथे बसूनच राहिले. कोणीतरी पाठीमागून 'एक्सक्यूज मी' म्हणालं, मी सरकून जागा दिली, उठले नाही. भावजयीचा नमस्कार तिला मोठ्यानं सांगितला, आपल्या बोलीत. कोणी वळून पाहिलं नाही. त्या गावात मला ओळखणारं कोणी नव्हतं, आणि पहिल्यांदाच ते मला बरं वाटलं.

परतताना ती तिघं दिसली. बापानं मुलीला छातीशी पट्ट्यात बांधलं होतं. ती मान वर करून थेंब कुठून पडतात ते शोधत होती, तोंड उघडं, खुशीत. एकदाही शिंकली नाही. तिची आई माझ्याकडे पाहून एका खांबावरचं नक्षीकाम पाहायला लागली. मी सगळं टाकं पुन्हा एकदा फिरले. हळूहळू. मला कोणी हाक मारत नव्हतं.

बसमध्ये ती दोघं पुढे बसली, मी मागे खिडकीशी. मॅनेजर पोरगा माझ्याजवळ आला, खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आपकी फॅमिली से झगडा हो गया क्या?"

"मेरी फॅमिली नाचणगाव में है," मी म्हणाले. "झगडा उनसे हुआ था. वो भी निपट गया."

मोकळ्या दिवशी सकाळी नाश्त्याला ती दोघं पलीकडच्या टेबलावर होती. नवऱ्यानं मान हलवून नमस्कार केला, मीही केला. बायकोनं पाहिलं नाही. मुलीनं मात्र मला पाहिलं आणि दोन्ही हात लांब केले, अं अं करत. आता खरं सांगते, माझे हात टेबलावरून आपोआप उचलले गेले. ते मी चहाच्या ग्लासभोवती धरले. ग्लास पोळत होता, तरी धरून ठेवले. मग जेवले. अंडी, मधात बुडवलेली रोटी, पांढरं चीज, आणि ते कडवट काळे ऑलिव्हही, मला आवडत नाहीत तरी. सगळं गरम. मग उठून पुन्हा एकदा वाढून आणलं.

निघताना त्यांच्या टेबलाशी पाय अडकलेच. ती एका हातानं खात होती, मुलगी तिच्या केसांना लोंबकळत होती. माझ्या जिभेवर तेच शब्द आले. ते मी परत पाठवले. मुलीच्या गालाला बोट लावलं, "सुखी राहा," म्हणाले, आणि बाहेर पडले.

धक्क्यावर बोट लागलेली होती, लोक चढत होते. ती कुठे जाते ते मी कोणाला विचारलं नाही. दाराशी कड्यासारखी गोल, कडक रोटी विकणारा होता, त्याच्याकडून एक घेतली आणि वरच्या मजल्यावर, उघड्यावर, कठड्याशी जागा धरली. बोट सुटली तसे पांढरे पक्षी आले. मी अर्धी रोटी स्वतः खाल्ली आणि अर्धी, दोन्ही हातांनी मोडून मोडून, त्यांच्याकडे भिरकावली.